हाक न मारता पॅनकेक

अट एवढीच होती, की मी एकदाही ‘अगं’ म्हणायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण निवृत्त झाल्यापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की किती ‘अगं’ खर्ची पडतात, याचा हिशेब माझ्या बायकोकडे होता. आणि उभं आयुष्य एका विमा कंपनीच्या हिशेबतपासणी खात्यात काढलेल्या माझ्याकडे तो नव्हता. “अगं, चमचे कुठे गेले?” “अगं, दूध वर येतंय, काय करू?” “अगं, हा गॅस कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो?” तिचं म्हणणं असं, की मी एक काम हातात घेतलं की तिला दोन कामं लागतात. एक ते काम आणि दुसरा मी.

खरं तर प्रकरण पॅनकेकचं नव्हतंच, तिच्या बढतीचं होतं. घराजवळच्या छोट्या ग्रंथालयात ती वर्षानुवर्षं काम करते आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठं मुख्य ग्रंथालय आहे. तिथे प्रमुख म्हणून या, असं तिला बोलावणं आलं होतं. जायचं तर रोज सकाळी लवकरची बस धरायला हवी. हो की नाही ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं, आणि ती संध्याकाळभर नुसती घुटमळत होती.

“मी एवढ्या लवकर गेले, तर घरचं कोण बघणार?”

“घरी मी आहे की.”

“तेच तर म्हणतेय मी.”

हे वाक्य मला लागलं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या प्रवासखर्चावर लाल शाई उठवलेला माणूस मी. माझ्या टेबलासमोर लोकांनी रुमालाने कपाळ पुसलेलं आहे. आणि इथे माझी किंमत ‘घरात असलेली एक अडचण’ अशी लावली जात होती.

“उद्याचा नाश्ता मी करतो,” मी म्हणालो. “तू टेबलाशी बसून, गरमागरम खाऊन जायचं.”

“पाव भाजणार?”

“पॅनकेक.” हा शब्द माझ्या तोंडातून का निघाला ते मला आजही सांगता येणार नाही. त्यावर कडी म्हणून मी पुढे म्हणालो, “आणि पाकिटातलं पीठ कालवून नाही. अगदी मुळापासून.”

तिने चष्मा काढून खाली ठेवला. ती चष्मा काढते तेव्हा समोरच्याने सावध व्हावं. “ठीक आहे. उद्या मी त्या लवकरच्या बसनेच जाते, जागाही बघून होईल. तयार होऊन आतल्या खोलीत दार लावून बसते. मला एकदाही हाक न मारता तुम्ही नाश्ता केलात, तर तिथे जाऊन हो सांगते. हाक मारलीत, तर नाही सांगते. आणि मग त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही.”

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती जागा तिला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. ही बाई कोणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी यजमान चहा आणेपर्यंत त्यांच्या कपाटातली पुस्तकं लावून ठेवते. अशा माणसाला मोठं ग्रंथालय मिळू नये आणि त्याचं कारण माझे चमचे असावेत, हे काही मला पटत नव्हतं.

कृती मी आमच्या लेकीकडून फोनवर मागवली. मैदा, बेकिंग पावडर, साखर, अंडं, दूध, लोणी. खाली तिने लिहिलं होतं, ‘बाबा, पाकीट आणा ना प्लीज.’ तेवढी ओळ मी वाचलीच नाही असं ठरवलं.

सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. अंडी, दूध, लोणी फ्रिजमध्ये होती; म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मग मी फळीवरचे डबे उघडले, आणि माझ्या संसाराचं एक रहस्य प्रथमच माझ्या नीट ध्यानात आलं. जी बाई हजारो पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवते, तिच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. बिस्किटांच्या डब्यात डाळ, कॉफीच्या डब्यात लवंगा, आणि लवंगांचं चित्र असलेल्या डब्यात रबरबँड. कधी विचारलं तर म्हणते, “मला माहीत असतं ना.”

त्यातून तीन बरण्या निघाल्या. तिन्हींत पांढरी पावडर. एक मैदा असणार, एक बेकिंग पावडर असणार, आणि तिसरीत काय असेल ते देव जाणे. मी तिन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या नकळत पोटातून एक ‘अगं’ उसळून थेट ओठांपर्यंत आला. पहिलं अक्षर सुटलंच होतं. बाकीच्याचं मी जिवाच्या कराराने खोकल्यात रूपांतर केलं.

“काही म्हणालात का?” आतून आवाज आला.

“खोकला,” मी म्हणालो. हे उत्तर होतं, हाक नव्हती.

बायकोला विचारायचं नाही म्हटल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावं. पण तपासणी खात्यात मुरलेला माणूस असा तडकाफडकी निष्कर्ष काढत नाही. तो तज्ज्ञाचं मत मागवतो. मी तिन्ही बरण्या ट्रेमध्ये घालून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आहे. निवृत्तीनंतर कोणीतरी आपल्या दारात एखादी अज्ञात पावडर घेऊन यावं, याची ते वाट पाहत असावेत. दार उघडून त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“नमुने आहेत?”

“मैदा कोणता तेवढं सांगा, मास्तर. घाई आहे.”

“घाई आहे म्हणूनच शास्त्र लागतं, ऑडिटर. चाखलं नाहीत ना?”

“छे.”

“शाबास. वर्गात मी एकच गोष्ट घोकून घेतली. माहीत नसलेला पदार्थ तोंडात घालायचा नाही.”

मग त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, नऊ वाट्या मांडल्या, औषधाच्या पेटीतून आयोडीनची बाटली काढली. पहिल्या पावडरवर थेंब पडताच ती निळीजांभळी झाली. “पिष्टमय पदार्थ! हा तुमचा मैदा.” दुसरीवर नुसतं पाणी टाकलं तर ती फसफसून वर आली. “पाहिलंत? सोडा असता तर नुसत्या पाण्याने असा फसफसला नसता. ही बेकिंग पावडर.” तिसरी मात्र निळी होईना, फसफसेना. मास्तरांचा चेहरा गंभीर झाला. “हिच्यापासून लांब राहा,” ते म्हणाले.

इथे मी आभार मानून निघायला हवं होतं. पण प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष धरायचा नसतो, असं मास्तरांचं मत. आणि बेकिंग पावडरचं फसफसणं तर त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते पाण्यात केलं, लिंबाच्या रसात केलं, शेवटी बायकोला आतून बोलावून व्हिनेगरमध्ये करून दाखवलं. ती बेकिंग पावडर असल्याबद्दल आता शंका उरली नव्हती. बेकिंग पावडरही उरली नव्हती.

“हरकत नाही,” मास्तर पायात चपला सरकवत म्हणाले. “मी येतो बरोबर. अशा वेळी जाणकार माणूस हवा.”

आमच्या समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि कोणाकडेही पाहिलं तरी आधी त्याच्या कंबरेचं माप डोळ्यांत उतरतं. त्यांच्याकडे मी मूठभर बेकिंग पावडर मागितली.

इथे शेजारधर्माच्या जमाखर्चाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. आपल्याला वाटतं, शेजारणीने पावडर दिली, आपण वाटी परत केली, खातं मिटलं. तसं नसतं. वस्तू उसनी देणारा माणूस वस्तू देत नाही, भांडवल घालतो. त्या क्षणापासून तुमच्या उद्योगात त्याचा हिस्सा असतो आणि कारभारात बोलायचा हक्क असतो. वहिनींनी टाचण्या तोंडातून काढून शिवणाच्या छोट्या उशीला टोचल्या, पावडरचा डबा काखेत मारला आणि म्हणाल्या, “चला, बघू काय मांडलंय.”

“ताई कुठायत?” आत आल्या आल्या त्यांनी विचारलं.

“आतल्या खोलीत. तिला हाक मारायची नाही.”

“का? भांडलात?”

मी अट सांगितली. वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. “अगंबाई! मग ती तिसरी बरणी कसली, ते कोण सांगणार?” आणि मास्तर “अहो, नका!” म्हणेपर्यंत त्यांनी बोट बुडवून चाटलं. “पिठीसाखर आहे की हो.”

मास्तर जरा दुखावले. नंतरचा बराच वेळ ते फक्त दुधाच्या तापमानाबद्दल बोलले.

मी मैदा, साखर, पावडर मोजून घेतली, अंडं फोडलं, कवचाचे तुकडे निवडून काढले, दूध ओतलं आणि घुसळायला लागलो. प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी ते पीठ बरोबर होतं. लेकीने पाठवलेल्या फोटोत होतं अगदी तसं. तेवढ्यात वहिनी पातेल्यात डोकावल्या.

“फार आवळलंय, भाऊजी. जरा सैल सोडा. सैल असलं की नंतर आवळता येतं.”

मी दूध घातलं. मास्तर पुढे झाले. “आता पातळ झालं. हे तव्यावर वाहत जाईल, ऑडिटर. घनता पाहिजे.”

मी मैदा घातला. “आता गच्च झालं,” वहिनी म्हणाल्या. “काखेत काचेल.” काखेत काय काचणार होतं ते मी विचारलं नाही, माणूस ज्या धंद्यात वाढतो त्यातलीच भाषा बोलतो. मी दूध घातलं. मग मैदा घातला. मग अंड्याचं प्रमाण बिघडलं म्हणून अंडं घातलं. आमचं दूध संपलं तेव्हा मास्तर वर जाऊन स्वतःचं घेऊन आले. मैदा संपला तेव्हा वहिनींनी त्यांचा आणला, आणि एका वस्तूऐवजी दोन वस्तूंच्या भांडवलदार झाल्यामुळे त्यांचा आवाजही त्या मानाने वाढला. पीठ पातेल्याच्या काठाशी आलं, तिथे थोडा वेळ विचार करत थांबलं, आणि ओट्यावर उतरलं.

“मोठं पातेलं काढा,” दोघंही एकदम म्हणाले.

मोठं पातेलं आमच्या घरात आहे. मी ते पाहिलेलं आहे. ते कुठे आहे हे ज्या व्यक्तीला माहीत होतं ती भिंतीपलीकडे शांतपणे वर्तमानपत्राची पानं उलटत होती. मला तो आवाज ऐकू येत होता.

“मी मारते हाक,” वहिनी म्हणाल्या. “मला कुठे अट आहे?”

मोह पडला, खोटं कशाला बोलू! पण दलालामार्फत केलेला व्यवहार मूळ मालकाच्याच नावे लागतो, हे मी लोकांना अनेकदा लिहून कळवलेलं आहे. “नको,” मी म्हणालो. “मी सेक्रेटरींकडे जातो.”

आमच्या इमारतीच्या संस्थेची मोठी भांडी तळमजल्यावरच्या खोलीत कुलपात असतात आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात असते. सेक्रेटरी हा माणूस नियमांवर जगतो. लिफ्टमध्ये शिंकावं की नाही याबद्दलही त्यांच्याकडे काहीतरी लिहिलेलं असेल. एवढ्या सकाळीही इस्त्रीचा शर्ट घालून ते दाराशी उभे राहिले आणि मला एक छापील अर्ज दिला.

“कार्यक्रमाचं स्वरूप?”

“नाश्ता.”

“उपस्थिती?”

“माझी बायको.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “साहेब, खाजगी कामाला भांडं देता येत नाही. सामूहिक कार्यक्रम पाहिजे. नियम मी केलेला नाही.” नियम त्यांनीच केलेला होता, त्या सभेला मी हजर होतो आणि अनुमोदनही मीच दिलं होतं, पण ती वेळ वादाची नव्हती. वर ओट्यावरून पीठ खाली ओघळत होतं.

“मग सामूहिक नाश्ता लिहा,” मी म्हणालो.

“तसं असेल तर काहीच अडचण नाही.” त्यांनी शिक्का उमटवला, सही घेतली, पातेलं काढून दिलं. “दुपारच्या आत घासून, पुसून परत. बाकी मी बघतो.”

‘बाकी’ म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं.

ते पातेलं असं होतं की त्यात बसून माणूस नदी ओलांडेल. लिफ्टमध्ये सामान नेण्यास मनाई असल्यामुळे मास्तर आणि मी ते जिन्यावरून वर आणलं, आणि प्रत्येक वळणावर ते कठड्याला आपटून घंटेसारखं वाजलं. आत पीठ ओतलं तर ते तळाशी थुंकीएवढं दिसायला लागलं. “बरं नाही दिसत,” वहिनी म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या कपड्यात एवढासा माणूस.” आणि पुन्हा मैदा, पुन्हा दूध.

मग पहिल्यांदा दाराची घंटा वाजली.

सेक्रेटरी दारात होते. मागे तळमजल्यावरचं जोडपं होतं, त्यामागे व्यायामशाळेत जाणारा तगडा तरुण, त्यामागे माझ्या ओळखीचे आणि बिनओळखीचे चेहरे जिन्यावर खालपर्यंत. प्रत्येकाच्या हातात ताट होतं. सामूहिक कार्यक्रम असेल तर त्याची सूचना फलकावर लावणं सेक्रेटरींना बंधनकारक होतं, आणि त्यांनी ती तत्परतेने लावली होती: ‘तिसऱ्या मजल्यावर सामूहिक नाश्ता. ताट स्वतःचे आणावे.’ आमच्या इमारतीतली माणसं नाश्त्याला ज्या वेगाने आली, त्या वेगाने सभेला आली असती तर गच्चीची गळती कधीच थांबली असती.

“कोणता पदार्थ आहे?” एका ताटाने विचारलं.

“पॅनकेक,” दुसऱ्या ताटाने सांगितलं. “साहेब स्वतः करणारेत.”

“साहेब? अरे बापरे. तरीपण थांबू या.”

मी तवा ठेवला, लोणी सोडलं, पीठ ओतलं. आणि लक्षात आलं की उलटायला काही नाही. उलथनं! रोज डोळ्यांसमोर असणारं ते उलथनं नेमकं आज कुठल्या तरी खणात तोंड लपवून बसलं होतं. मी तीन खण उपसले. पहिला पॅनकेक तोवर तव्याशी एकजीव झाला. शेवटी वहिनी घरी धावत गेल्या आणि माप घ्यायची रुंद लाकडी पट्टी घेऊन आल्या. “काल कोटाच्या पाठीवर वापरलीय, पण पुसलीय मी.”

दुसरा पॅनकेक त्या पट्टीने उलटताना हवेत दुमडला आणि मास्तरांच्या सदऱ्यावर विसावला. तिसरा मात्र जमला. गोल, सोनेरी, कडेने जाळीदार. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हा तिचा, असं मनाशी म्हणून मी ताट घ्यायला वळलो, तेवढ्यात सेक्रेटरींनी तो उचलला.

“नमुना,” ते म्हणाले. “आधी तपासून घ्यावा लागतो.” त्यांनी तो पूर्ण तपासला.

चौथ्यावर वहिनींनी पावडरच्या नात्याने हक्क सांगितला. पाचवा मास्तरांनी दुधाच्या. मग तगड्या तरुणाने खिशातून अंडी काढून ओट्यावर ठेवली आणि भांडवलदारांत जाऊन बसला. टेबलाच्या खुर्च्या भरल्या, सोफा भरला, खिडकीची कड भरली. मी ओतत होतो, उलटत होतो, वाढत होतो. घामाने चष्मा घसरत होता. सूचनांना तर तोटा नव्हता: आच कमी करा, आच वाढवा, झाकण ठेवा, झाकण काढा, पट्टी तिरकी धरा. एकाने विचारलं, “रोज असतं का हे?” आणि त्याला खरोखर उत्तर हवं होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

ती तयार होऊन बाहेर आली. खांद्याला पर्स, हातात छत्री. समोर आपला दिवाणखाना परक्या माणसांनी भरलेला, जमिनीवर पिठाची पावलं, मास्तरांच्या सदऱ्यावर पॅनकेक, आणि स्वयंपाकघराच्या दारातून जिन्यापर्यंत गेलेली रांग. तिने सगळं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या पट्टीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.   तिने फळीवरून एक ताट घेतलं, जिन्यापर्यंत गेली आणि रांगेत शेवटी उभी राहिली.

स्वतःच्या घरात, नाश्त्याच्या रांगेत, शेवटी.

 बसची वेळ होत आली होती. रांग हलत होती पण कमी होत नव्हती; पुढचे खाऊन मागे येत होते. अशीच उभी राहून ती निघून जाणार, वाटेत कोरडं बिस्किट खाणार, आणि तिथे पोचून नाही सांगणार. आणि हाक तर मी मारू शकत नव्हतो. ‘अगं, पुढे ये,’ एवढे तीन शब्द बोललो की संपलं. मी घसा खाकरला. तिने वर पाहिलं नाही. मी पट्टीने तव्यावर टकटक केली. “झाला का?” तगड्या तरुणाने ताट पुढे केलं.

“साहेब, रांगेचं मात्र बघा हं,” सेक्रेटरी तोंड पुसत म्हणाले. “घरच्या माणसांना आधी असं नको. नियम सगळ्यांना सारखे.”

मी तव्यावर नवा पॅनकेक ओतला. बुडबुडे आले, उलटला. मग गॅस बंद केला. बरोबर बाजूला फिरवला, कोणालाही न विचारता. फडक्याने तव्याची मूठ धरली आणि तवाच घेऊन बाहेर निघालो. रांग दचकून बाजूला झाली. गरम तव्यापुढे नियमही मागे सरकतात. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर मास्तर आपला तिसरा पॅनकेक संपवत बसले होते.

“मास्तर,” मी म्हणालो, “उठा.”

“माझं अजून...”

“उठा म्हणतो ना.”

निवृत्तीनंतर प्रथमच मी तो जुना आवाज वापरला. मास्तर ताटासकट उठले. मी तवा टेबलावरच्या एका रिकाम्या ताटात टेकवला, खुर्ची फडक्याने पुसली, जिन्यापर्यंत गेलो आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. तोंडातून अवाक्षर नाही. नुसता हात पुढे करून वाट दाखवली. ती आली, पर्स मांडीवर घेऊन बसली. मी तव्यावरून पॅनकेक ताटात सरकवला. त्यातून वाफ निघत होती.

 सगळी इमारत उभी राहून एका बाईचं खाणं बघत होती. तिने एक तुकडा तोडला, फुंकर घातली, खाल्ला. दुसरा खाल्ला. घाई नाही, गडबड नाही. ताट रिकामं होईपर्यंत ती उठली नाही. मग तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं.

“गरम होता,” ती म्हणाली.

“मी हाक मारली नाही,” मी म्हणालो.

“मला नाही मारलीत. बाकी कोणी राहिलंय का?”

वहिनी खुदकन हसल्या. सेक्रेटरी अर्ज काढून काहीतरी बघायला लागले.

“म्हणजे... काय सांगणार आहेस तिथे?”

ती उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि आत पाहिलं. ओट्यावरून खाली आलेलं पीठ आता वाळायला लागलं होतं. उपसलेले खण, अंड्यांची टरफलं, बरण्या, वाट्या, आणि मधोमध ते नदी ओलांडायचं पातेलं. 

“हो सांगणार आहे,” ती म्हणाली. “हे बघितल्यावर त्याहून लांबचं ग्रंथालय असतं तरी हो सांगितलं असतं.”

टाळ्या पडल्या. तगड्या तरुणाने तर शिट्टी मारली. ती दारापर्यंत गेली, वळली, माझ्या गालावरचं पीठ बोटाने पुसलं आणि भराभर जिना उतरली. पॅनकेक संपल्याचं कळताच बाकीची मंडळीही उतरली. भांडवलदारांनी आपापलं भांडवल खाऊन वसूल केलं होतं. घसारा तेवढा माझ्या नावे राहिला. “दुपारच्या आत, घासून,” सेक्रेटरी जाता जाता पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी बाह्या सरसावल्या. साबण सापडला. घासणी सापडेना. नळाच्या मागे पाहिलं, खिडकीत पाहिलं, खणांत तर सगळंच पाहून झालं होतं. मी खिडकीपाशी गेलो. खाली ती फाटकातून बाहेर पडत होती. पाठमोरी, छत्री काखेत, चालण्यात मोठ्या ग्रंथालयाचा रुबाब आत्ताच आलेला. मी काही बोललो नाही. फक्त खिडकीत उभा राहिलो. तोंड थोडंसं उघडं असेल, तेवढंच.

ती न वळता, न थांबता रस्त्यावरून ओरडली,

“सिंकच्या खाली, डावीकडे!”

समोरच्या इमारतीतल्या दोघातिघांनी खिडक्या उघडून पाहिलं. मी त्यांना तिथूनच स्पष्ट सांगितलं, की मी हाक मारलेली नव्हती.